दुःखाच्या सोबतीचे शिक्षण

दौंड-मनमाड लोहमार्गावर, गोदावरीच्या काठी, पुणतांबे हे गाव आहे. शिर्डीकडे जाणारा फाटा येथून फुटतो, म्हणून हल्लीच्या पुष्कळ प्रवाशांना हे नाव केवळ गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणून ठाऊक असते. परंतु महाराष्ट्राच्या स्मरणात हे गाव त्याहून फार जुन्या कारणाने राहिले आहे. योगी चांगदेवांची समाधी येथे आहे.

चांगदेवांच्या पत्राची कथा लहानपणी ऐकली नाही असे मराठी घर विरळाच. चौदाशे वर्षे योगबळाने काळाला परतवून लावणाऱ्या या सिद्धपुरुषाने ज्ञानेश्वरादी भावंडांची कीर्ती ऐकली आणि त्यांना पत्र लिहावयास घेतले. परंतु मायन्यापाशीच लेखणी अडली. चिरंजीव लिहावे, तर ज्ञानाने ती भावंडे थोर. तीर्थरूप लिहावे, तर वयाने ती केवळ मुले. अखेरीस कोरा कागदच पाठविला गेला. तो पाहून, इतकी वर्षे जगूनही हा गृहस्थ कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाली अशी परंपरा आहे. ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाचे उत्तर पासष्ट ओव्यांनी दिले, आणि पुढे चांगदेवांनी त्या लहानग्या मुक्ताबाईलाच गुरू केले.

कथेतील चमत्कार क्षणभर बाजूला ठेवले, तरी मायन्याचा प्रश्न शिल्लक राहतो. आणि दुःखिताच्या दारी जाणाऱ्या प्रत्येकाला तो पडतो. कोणाचे तरणेताठे मूल गेलेले असते, कोणाला डॉक्टरांनी असाध्य रोगाचे नाव सांगितलेले असते, कोणाच्या शेतावर कर्जाची जप्ती आलेली असते, कोणी नवऱ्याने टाकलेली लेक माहेरी परत आलेली असते. अशा घरी कोणत्या नात्याने जावे? वडीलकीच्या नात्याने गेल्यास तोंडातून उपदेश निघतो. धाकुटेपणाने गेल्यास बोलण्याचा अधिकार राहत नाही. पाहुणा म्हणून गेल्यास चहा घेऊन, हवापाण्याच्या गोष्टी करून परतावे लागते. बहुतेक माणसे वाईट मनाची नसतात. कोणत्या नात्याने जावे हे न सुचल्यामुळे ती जातच नाहीत. दुःखिताला मात्र एवढेच दिसते की कोणी आले नाही.

या प्रश्नाचे एक विचारपूर्वक दिलेले उत्तर ख्रिस्ती मंडळ्यांच्या कार्यात सापडते. धर्मोपदेशकाची दीक्षा न घेतलेल्या, आपापला उद्योग करणाऱ्या साध्या स्त्री-पुरुषांना निवडून, त्यांना रीतसर शिकवून, एका दुःखिताला एक सोबती अशा बेताने नेमून द्यावयाचे, हे ते उत्तर होय. वरवर पाहता ही गोष्ट इतकी साधी दिसते की तिला शिक्षण कशाला हवे, असा प्रश्न सहज मनात येतो. या शिक्षणात नेमके काय शिकवितात हे पाहिले म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

या कल्पनेचे मूळ फार जुने आहे. नव्या करारातील प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या आद्य मंडळीतील एक तक्रार नोंदलेली आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. प्रेषितांनी ती तक्रार झटकून टाकली नाही. तशीच सारी कामे आपणच करण्याचा हट्टही धरला नाही. त्यांनी मंडळीला सात चांगली माणसे निवडावयास सांगितले आणि त्यांच्यावर हे काम सोपविले. त्या सातांत पहिले नाव स्तेफनाचे आहे. हाच स्तेफन पुढे ख्रिस्ती धर्माचा पहिला हुतात्मा झाला; परंतु त्याची पहिली नेमणूक विधवांना कोणी विसरू नये एवढ्यासाठीच झाली होती.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, या विषयाला परका नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ साली त्यांनी नगरास ठाणे दिले. पुढे खेडोपाडी लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. एका पाळकाकडे अनेक गावे, गावागावांत कोसांचे अंतर, पावसाळ्यात चिखलाच्या वाटा, अशी तेव्हाची स्थिती होती. पाळकाने रविवारी उपासना चालवावी, लग्ने लावावी, प्रेतसंस्कार करावे. परंतु प्रेतसंस्कारानंतरचा तिसरा महिना, जेव्हा येणारे-जाणारे थांबतात आणि घर खऱ्या अर्थाने रिकामे वाटू लागते, तेव्हा त्याने कोणाकोणाच्या घरी बसावे?

ही उणीव काही अंशी बायबल-स्त्रियांनी भरून काढली. ही पद्धत लंडनच्या एलेन रॅनयार्ड या बाईंनी १८५७ साली सुरू केली. गरीब वस्तीत सुखवस्तू घरच्या बायकांना कोणी दार उघडीत नाही, म्हणून त्याच वस्तीतील गरीब स्त्रीला शिकवून घरोघर पाठवावे, ही त्यांची युक्ती होती. १८६८ पासून त्यांनी अशा स्त्रियांना रुग्णशुश्रूषाही शिकविण्यास आरंभ केला. हीच पद्धत मिशनांच्या द्वारे हिंदुस्थानात आली आणि नगर जिल्ह्यात चांगली रुजली. या बायका घरात जाऊन शास्त्र वाचून दाखवीत, अक्षरे शिकवीत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. त्यांपैकी कित्येक स्वतः विधवा होत्या; ज्या दुःखापाशी त्या बसत त्याची ओळख त्यांना पुस्तकातून झालेली नव्हती. परंतु त्यांच्या कामाला एक मर्यादा होती. त्या मिशनच्या पगारी होत्या आणि धर्मशिक्षण देणे हा त्यांच्या नेमणुकीचा मुख्य हेतू होता. त्यामुळे ऐकणे आणि सांगणे यांत सांगण्याचे पारडे जड असे.

केवळ सांगण्याने दुःख हलके होत नाही याचा मराठीतील थोर दाखला याच परिसराशी निगडित आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात वादाचे मोहोळ उठले. धर्म, जात, देशाभिमान या सर्वांवर हिरिरीने बोलले गेले. या साऱ्या गदारोळात लक्ष्मीबाई टिळकांचा संसार मात्र एका दिवसात मोडून पडला. पुढे काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, यथावकाश त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, आणि नगर व राहुरी येथे त्यांचा संसार पुन्हा उभा राहिला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी त्या वियोगाच्या वर्षांविषयी जे लिहिले आहे, ते वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. वाद एका ठिकाणी चालला होता आणि रडणारी स्त्री दुसऱ्या ठिकाणी बसली होती. वाद घालणाऱ्यांनी तिला वाचविले नाही. ज्या आप्तांनी तिला नजरेआड होऊ न देता घरात सांभाळले, त्यांनी वाचविले. खुद्द टिळकांनीही आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. धर्मसेवा ही वेतनाची आणि पदाची बाब राहू नये, साध्या माणसांनी ती बंधुभावाने करावी, हा विचार त्यामागे होता.

एकास एक सोबत देण्याच्या कार्याला आजचे शिस्तबद्ध रूप मिळाले ते अमेरिकेत. सेंट लुइस शहरातील केनेथ हॉक हे लुथरन पाळक होते आणि मानसशास्त्रज्ञही होते. मंडळीतील दुःखितांची संख्या आणि एकट्या पाळकाचे बळ यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यांनी १९७५ साली आपल्याच मंडळीतील काही माणसांना शिकवून तयार केले. स्तेफनाच्या नावावरून या कार्याला ‘स्टीफन मिनिस्ट्री’ असे नाव पडले. पुढे निरनिराळ्या पंथांच्या हजारो मंडळ्यांनी ही पद्धत उचलली.

तिची रचना पाहण्याजोगी आहे. ज्याला हौस आहे तो उठला आणि निघाला, असे येथे चालत नाही. प्रथम निवड होते, आणि काहींना हे काम त्यांच्या स्वभावाचे नाही असे सौम्यपणे सांगावे लागते. मग सुमारे पन्नास तासांचे शिक्षण असते. त्यानंतर उपासनेच्या वेळी मंडळीसमोर नेमणूक होते. प्रत्येक सोबत्याकडे बहुधा एकच माणूस सोपविला जातो. पुरुषाकडे पुरुष आणि स्त्रीकडे स्त्री. आठवड्यातून एकदा, सुमारे तासभर, दोघांनी भेटावयाचे. याशिवाय सर्व सोबत्यांनी महिन्यातून दोनदा एकत्र बसून आपले काम एकमेकांकडून तपासून घ्यावयाचे. परंतु त्या बैठकीतही दुःखिताचे नाव सांगावयाचे नाही. आपण कोठे अडलो, कोठे अधिक बोललो, कोठे घाबरलो, एवढेच सांगावयाचे.

पन्नास तासांत शिकवितात तरी काय? नीट पाहिल्यास या शिक्षणाचा मोठा भाग काय करावे यापेक्षा काय करू नये याचाच असतो.

पहिला धडा गप्प बसण्याचा. जुन्या करारात ईयोबाची कथा आहे. सर्वस्व गमावून राखेत बसलेल्या त्या माणसाकडे त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. तेथपर्यंत त्यांनी उत्तम सांत्वन केले. आठव्या दिवसापासून त्यांनी कारणमीमांसा आरंभिली, तुझ्याच हातून काही पाप घडले असेल असे सुचविले, आणि मित्रांचे फिर्यादी झाले. आपल्याकडे दुःखिताच्या घरी जे बोलले जाते ते याच जातीचे असते. देवाची इच्छा, प्राक्तनाचा भोग, झाले ते बऱ्यासाठीच झाले, अमक्याचे तर याहून वाईट झाले; ही वाक्ये बोलणाऱ्याचा संकोच घालवितात, ऐकणाऱ्याचे दुःख घालवीत नाहीत. समोरचा रडू लागला म्हणजे त्याचे रडणे थांबविण्याची घाई आपल्याला होते, कारण ते आपल्याला सोसवत नाही. ती घाई आवरणे ही अभ्यासाने येणारी गोष्ट आहे.

दुसरा धडा गुप्ततेचा. शहरात हा नियम सोपा वाटतो. परंतु पुणतांब्याएवढ्या गावात कोण कोणाच्या घरी गेले हे चावडीपासून पाणवठ्यापर्यंत सर्वांना दिसते. तेथे सासूने सुनेविषयी किंवा कर्जदाराने सावकाराविषयी मन मोकळे करावयाचे म्हणजे केवढी जोखीम! एक शब्द बाहेर गेला, तर त्या घराची अब्रू जाते आणि पुन्हा कोणी कोणापाशी बोलत नाही. म्हणून सोबत्याने आपल्या घरीदेखील, प्रत्यक्ष पती किंवा पत्नीपाशीही, ऐकलेले बोलू नये. याला अपवाद एवढाच की जिवाला धोका दिसला, किंवा एखाद्या बालकावर अत्याचार होत आहे असे कळले, तर मौन पाळावयाचे नाही. हा अपवाद पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगावयाचा असतो, म्हणजे पुढे विश्वासघात झाला असे कोणास वाटत नाही.

तिसरा धडा मर्यादेचा. चांगल्या शोमरोन्याचा दाखला सर्वश्रुत आहे. वाटेत लुटला गेलेला जखमी माणूस पाहून त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. एवढे लोकांच्या लक्षात असते. पुढचा भाग सहसा लक्षात राहत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी देऊन रोग्याची व्यवस्था त्याच्याकडे सोपविली, अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगितले, आणि तो आपल्या वाटेला लागला. आपल्याने होईल तेवढे करणे, न होईल ते जाणत्याच्या हाती देणे, आणि तरीही परत येण्याचे वचन देणे, हे तिन्ही त्या दाखल्यात आहे. सोबती हा वैद्य नव्हे, वकील नव्हे, मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. झोप उडाली आहे, अन्न नकोसे झाले आहे, मरणाच्या गोष्टी वारंवार निघत आहेत, असे दिसताच त्याने रुग्णाला तज्ज्ञाकडे पोहोचविले पाहिजे, आणि पोहोचविल्यानंतर त्याची सोबतही सोडता कामा नये.

चौथा धडा आपल्या देशात विशेष महत्त्वाचा आहे. दुःखाने मोडलेला माणूस कोणत्याही आधाराला हात घालतो. त्या क्षणी त्याच्यावर आपले मत, मग ते कितीही प्रामाणिक असो, लादणे म्हणजे आजाऱ्याकडून कागदावर सही घेण्यासारखे आहे. या कार्यातील सोबती ख्रिस्ती श्रद्धेने प्रेरित असतो. मागितल्यास प्रार्थना करतो, न मागितल्यास करीत नाही. भेटीचा हेतू त्या माणसाचे दुःख हा असतो, त्याची श्रद्धा मोजणे हा नव्हे. हे पथ्य सुटले तर सेवेचा सौदा होतो, आणि तो संशय एकदा गावात शिरला की दहा वर्षांच्या निर्मळ कामानेही धुऊन निघत नाही. हे पथ्य केवळ ख्रिस्ती मंडळीपुरतेही नाही. दुःखिताच्या दारी जाणाऱ्या कोणत्याही पंथाला आणि पक्षाला ते तितकेच लागू आहे.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की शेजारीपाजारी, मावश्या-आत्या असताना हा खटाटोप कशाला? दुसरा याच्या उलट : अर्धवट शिकलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मनाशी खेळू नये. दोन्हींत तथ्य आहे. परंतु मावश्या-आत्यांचे जाळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाही, आणि काही दुःखे अशी असतात की ती नात्यातच सांगता येत नाहीत, कारण ती नात्यातूनच उपजलेली असतात. दुसऱ्या आक्षेपाला अनुभवाने उत्तर दिले आहे.

लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हॅरा या धर्मोपदेशकांनी आत्महत्येच्या विचारापर्यंत आलेल्यांसाठी दूरध्वनीची सोय केली. योगायोग असा की त्यांचे चर्चही संत स्तेफनाच्याच नावाचे होते. भेटीस येणाऱ्यांची रांग लागे, म्हणून काही साधी माणसे त्यांना चहा देऊन त्यांच्याजवळ बसत. थोड्याच दिवसांत व्हॅरांच्या लक्षात आले की चहा घेता घेता मन मोकळे केल्यावर कित्येकांना त्यांना भेटण्याची गरजच उरत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी ते काम त्या साध्या माणसांच्या हाती दिले. ‘समॅरिटन्स’ ही संस्था अशी जन्मास आली.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले. गावोगावच्या, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित समाजातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या स्त्रिया एकदा शिकून मोकळ्या झाल्या नाहीत. त्या पुन्हा पुन्हा जामखेडला एकत्र जमत, अनुभव सांगत आणि नवे शिकत. त्या कामाला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने मनाच्या दुखण्यांबाबतही हेच सिद्ध केले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र खिन्नतेने ग्रासलेल्या सुमारे पाचशे रुग्णांपैकी काहींना साध्या पण शिकविलेल्या माणसांनी सहा ते आठ भेटी दिल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते; केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. या दोन्ही ठिकाणी यशाचे रहस्य एकच होते : शिकविलेल्या माणसाला एकटे सोडले नाही. महिन्यातून दोनदा भरणारी ती तपासणीची बैठक हाच या पद्धतीचा कणा आहे. ती मोडली की दुसरा आक्षेप खरा ठरतो.

आता पुन्हा पुणतांब्याच्या परिसराकडे पाहावे. गोदावरीचे कालवे, ऊस, फळबागा, साखर कारखाने यांनी या भागाला संपन्नता दिली. तशीच कर्जाची आणि भावाच्या चढउताराची चिंताही दिली. १ जून २०१७ रोजी राज्यात जो शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्याची हाक याच गावातून उठली होती. संपाच्या वेळी सारे एकत्र होते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, सभा झाल्या. परंतु रात्री दोन वाजता हिशेबाची वही उघडून बसलेला शेतकरी एकटाच असतो. त्याचा मुलगा पुण्यास नोकरीला असतो, त्याची पत्नी जागी असूनही झोपल्याचे सोंग घेते, आणि सकाळी दोघेही काही झालेच नाही असे वागतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे आढळले की निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. सरकारने २०२२ साली ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. ती अत्यंत उपयुक्त आहे. परंतु तो क्रमांक फिरविण्याइतके धैर्य येण्यासाठीही पुष्कळदा जवळ बसलेले एक माणूस लागते.

पंचवीस-तीस घरांच्या लहानशा मंडळीतही असे चार-पाच सोबती तयार होऊ शकतात. त्यांत शाळेतून निवृत्त झालेली बाई असेल, पोस्टातील कारकून असेल, ऊस तोडून आयुष्य काढलेला म्हातारा असेल. त्यासाठी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. लागते ते आठवड्याच्या एका तासाचे वचन आणि ते वर्षभर पाळण्याची चिकाटी. आणि जे एका मंडळीला साधते, ते भजनी मंडळाला, महिला मंडळाला, वाड्यातील किंवा गृहसंस्थेतील चार कुटुंबांनाही साधण्यास हरकत नाही.

शहरातील सुशिक्षित घरांनाही हा विषय दूरचा वाटू नये. जिन्यात रोज भेटणाऱ्या, पण पत्नी गेल्यापासून बोलणे टाकलेल्या गृहस्थाच्या दारी कोणत्या नात्याने जावे, हा मायन्याचा प्रश्न तेथेही आहेच. वडील म्हणून नको, धाकटे म्हणून नको. उपदेशक म्हणून नको आणि केवळ पाहुणे म्हणूनही नको. शेजारी बसावयास आलेले माणूस, एवढेच नाते त्याला पुरते. त्याने काही सांगितले तर ऐकावे, न सांगितले तर बसावे, ऐकले ते बाहेर नेऊ नये, आणि ज्या दिवशी येईन म्हणून सांगितले त्या दिवशी निश्चित यावे.